न भागणारा नैवेद्य

१

"सुंदर आहे, चित्रा. फक्त याला तीनने भाग जातोय," प्रोफेसर ग्रॅहम इंग्रजीत म्हणाले, बुटाची नाडी बांधली आणि टॅक्सीत बसून एअरपोर्टला चालते झाले.

झालं! ऐन गणेश चतुर्थीला, ॲडलेडजवळच्या मॉसन लेक्सच्या कम्युनिटी हॉलच्या दारात, चित्राचा चेहरा असा उतरला की विचारू नका. जसं काही त्या माणसाने जाताजाता तिच्या कानाखाली वाजवली होती. आणि ग्रॅहम म्हणजे कोणी ऐरागैरा नाही. चित्रा इथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गणित शिकवते, काँट्रॅक्टवर. डिसेंबरात ते संपतंय. परमनंटची एकच जागा निघालीय आणि निवड समितीचे प्रमुख हेच ग्रॅहम. पर्थला उतरल्या उतरल्या ते मुलाखतीची यादी पाठवणार होते. तेवढ्यासाठीच चित्राने त्यांना आग्रहाने बाप्पा बघायला आणलं होतं.

आणि नुसता बाप्पा नाही, नैवेद्य बघायला.

नैवेद्य म्हणजे चित्राच्या डोक्यातून निघालेली अजब चीज होती. मूर्तीपुढे एका ओळीत एकतीस कागदी द्रोण. प्रत्येक द्रोण म्हणजे एक आकडा. जितका आकडा, तितके छोटे उकडीचे मोदक. पहिल्या द्रोणात एक. मग तेरा द्रोण रिकामे, म्हणजे शून्य. मग बरोबर बाप्पासमोर तीन द्रोण, प्रत्येकात सहा-सहा-सहा. पुन्हा तेरा रिकामे. शेवटच्यात एक. एकतीस आकडी संख्या! डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. आणि वर मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जगातल्या कुठल्याही संख्येने तिला भाग जात नाही.

तिला म्हणे तीनने भाग जातो. हे म्हणजे लग्नाच्या मांडवात कोणीतरी म्हणावं, नवरी छान आहे, पण तिचं आधीच झालंय.

चित्रा धावत आत आली. "भाऊजी! द्रोण कुठायत?"

भाऊजी म्हणजे विश्राम. चित्राच्या मोठ्या बहिणीचा, मंजिरीचा नवरा. ॲडलेडमध्ये ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, वय पन्नासच्या पुढे, अक्कल मंजिरीच्या मते पाचवीतली. बायकोच्या हुकमावरून तो प्रसाद वाटून नुकताच मोकळा झाला होता. मधले तीन भरलेले द्रोण त्याने तीन गोल टेबलांना वाटले होते. टेबलाला सहा खुर्च्या, सहा माणसं, प्रत्येकाच्या हातावर एकेक मोदक. बाकी मंडळींना मंजिरीने पातेल्यातले दिले होते. वाटून झाल्यावर देवाच्या कृपेने हातात एक उरला, तो विश्रामने तोंडात टाकला आणि आता तो मिशी पुसत होता.

"द्रोण कचऱ्यात. मोदक पोटात," तो म्हणाला. "का गं?"

चित्राने सांगितलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना विश्रामकडे वळल्या. मंजिरीची सगळ्यात आधी.

"विश्राम," ती दात आवळून म्हणाली, "काय केलंस तू?"

२

आता यात लोकांची काही चूक नव्हती. गेल्या वर्षी ऐन आरतीत, 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला स्पीकरमधून कूकाबरा पक्षी खदाखदा हसला होता. त्याच्या आदल्या वर्षी लिंबू-चमच्याच्या शर्यतीतलं एक लिंबू उकडलेलं अंडं निघालं होतं. या सगळ्याच्या मागे कोण, हे शेंबडं पोरही सांगेल.

"आईशप्पथ, मी नाही," विश्राम म्हणाला. कोणी विश्वास ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि नेमकं तेच कोणाला पटत नव्हतं.

त्याने चित्राला हॉलच्या किचनमध्ये नेलं, चहाचा कप हातात दिला. "आधी मला सांग, तुझंच गणित चुकलं नसेल ना?"

"भाऊजी, तीनचं गणित शाळेतलं आहे. आकड्यांची बेरीज करायची. बेरजेला तीनने भाग गेला तर संख्येला जातो. नाही गेला तर नाही. एक, सहा-सहा-सहा आणि एक. वीस. विसाला तीनने भाग जातो?"

"नाही."

"मग? मी सकाळी स्वतः मांडून ग्रॅहमना आणायला गेले. मी परत येईपर्यंत कोणीतरी हात लावलाय." तिचे डोळे भरले. "त्यांना वाटलं असेल, हिला तीनची कसोटीसुद्धा येत नाही. तीनची! मी फोन लावून काय सांगू? कोणीतरी काहीतरी केलं? आमच्यात पुराव्याशिवाय बोललं की माणूस बाद."

"अजून काय म्हणाले ते?"

"मूर्तीपुढे उभे होते तेव्हा म्हणाले, दोन्ही बाजूंनी वाचून बघितलं, अगदी सारखं आहे."

विश्रामचे कान टवकारले. मंजिरीच्या फोनमध्ये आरतीचा फोटो होता. त्याने तो मोठा करून पाहिला. टोकाचे दोन्ही मोदक जागच्या जागी. रिकामे द्रोण रिकामेच. मधले तीन भरलेले, पण समोरचेच मोदक दिसत होते, मागे किती ते गणपतीलाच ठाऊक.

"म्हणजे गडबड मधल्या तिघांत," विश्राम म्हणाला. "आणि गडबड करूनही आरशासारखं सारखं राहिलं. तीनने भाग जायला बेरीज किती हवी?"

"अठरा. किंवा एकवीस."

"मोदक काय अंडी घालतात वाढायला? अठरा! दोन मोदक गेले. दोन्ही बाजूंचा एकेक, नाहीतर मधल्यातले दोन."

तो बाहेर आला, खुर्चीवर चढला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "नैवेद्यातला मोदक कोणी काढला? प्रामाणिकपणे सांगा, बाप्पा बघतोय!"

नाही नाही नाही, असा एकच गलका झाला. सगळ्यात मोठ्याने नाही म्हणाला राजीव. राजीव म्हणजे मंडळाचा हौशी गुरुजी. एरवी सॉफ्टवेअर टेस्टर, पण चतुर्थीला सोवळं नेसून पूजा सांगतो आणि पूजेतही टेस्टिंग करतो. सकाळी दूर्वांची एक जुडी काडी कमी भरली म्हणून त्याने परत पाठवली होती. "देवाच्या नैवेद्याला हात लावणारा माणूस नाही, राक्षस!" तो गरजला.

विश्राम खाली उतरला. चित्रा हळूच म्हणाली, "भाऊजी, दोनच माणसं असं करू शकतात. एकाला माझी नोकरी हवीय. आणि दुसरीला माझा आकडा सकाळपासून सहन होत नाहीये."

३

दुसरी म्हणजे वेंडी, हॉलची केअरटेकर. साठीची, चर्चला नेमाने जाणारी बाई. सकाळी टेबलावर सहा-सहा-सहा बघून तिने छातीवर क्रॉस केला होता. तिच्या धर्मात हा सैतानाचा आकडा. आणि वर दोन्ही बाजूंना तेरा-तेरा शून्यं, तेराही अशुभच!

वेंडी पायरीवर बसून विश्रामने मघाशी दिलेला टोकाच्या द्रोणातला मोदक खात होती. दुसऱ्या टोकाचा त्याने ग्रॅहमच्या हातावर ठेवला होता.

"वेंडी, खरं सांग. मधला द्रोण तू हलका केलास?"

"मनात आलं होतं, डार्लिंग," वेंडी म्हणाली. "माझ्या हॉलमध्ये तो आकडा! पण ग्लव्ह्ज घातल्याशिवाय दुसऱ्याच्या खाण्याला हात लावायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर लावलाय. ग्लव्ह्जचं खोकं बघ, सील तसंच आहे. मी किचनमध्ये जाऊन एक प्रार्थना म्हटली, बस. आणि नंतर बघितलं तर तुमचा प्रीस्टही तेच करत होता. एवढ्या थंडीत बिचारा उघडा! बोट फिरवत, ओठ हलवत, एकेका बाऊलपुढे प्रार्थना. म्हटलं, गुड ऑन हिम, शाबास. सैतानाचा बंदोबस्त झाला."

विश्राम हसला. राजीवचे मंत्र वेंडीला सैतानावरचा उतारा वाटले होते! त्याने खोकं बघितलं. सील शाबूत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला एक गोष्ट बरोबर कळते, समोरच्याने आरशात बघितलं की नुसती मान हलवली. वेंडीने आरशात बघितलं होतं. खरं बोलत होती.

"हे गोड फार छान आहे," वेंडी मागून म्हणाली. "पण त्या बारीक चष्मेवाल्याने एकही खाल्लं नाही, बघितलंस का? सारखा टेबलाच्या आसपास होता."

बारीक चष्मेवाला म्हणजे हृषिकेश. चित्राच्याच डिपार्टमेंटचा. त्याच परमनंट जागेसाठी अर्ज केलेला.

४

हृषिकेश पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. विश्राम दिसताच म्हणाला, "तुम्ही येणार हे माहीत होतं, विश्रामकाका. मोटिव्ह माझाच आहे ना?"

"काका म्हणू नकोस, मी अजून तरुण आहे. मोदक का नाही खाल्लास?"

"नारळाची ॲलर्जी. खाल्ला तर ओठ असे सुजतात की आठवडाभर लेक्चर देता येत नाही."

"खायला कशाला हवा? खिशात घालता येतो की."

हृषिकेशने दोन्ही खिसे उलटे केले. किल्ल्या, टिश्यू, युनीचं कार्ड. मग तो एकदम गंभीर झाला. "मला जागा हवीय, नाही म्हणत नाही. पण समजा, मला चित्राचं नाक कापायचं होतं. मग मी एका बाजूचे दोन काढले असते. भागही गेला असता आणि दोन्हीकडून सारखंही राहिलं नसतं. डबल फजिती! हे ज्याने केलं त्याला नुकसान करायचंच नव्हतं, काका. त्याला ते दिसायला नीट हवं होतं."

विश्राम थबकला. पोरगं शहाणं होतं.

"आणि एक सांगतो," हृषिकेश म्हणाला. "अशा दोन्हीकडून सारख्या संख्येत एकूण आकडे सम असले तर तिला अकराने भाग जातोच. म्हणून अकरा सोडला तर अशा मूळ संख्येला मध्ये एक एकटा आकडा लागतोच. बाकी सगळ्यांना जोडीदार असतो. तुम्ही एखाद्या जोडीदाराला हात लावलात तर लगेच कळतं. त्या एकट्याला लावलात, तर आरसा काही सांगत नाही."

तो एकटा म्हणजे मधला द्रोण. बरोबर बाप्पाच्या सोंडेखालचा.

विश्राम परत आत गेला. मधला द्रोण त्याने खिडकीजवळच्या टेबलाला वाटला होता. "काय हो, इथे सगळ्यांना मोदक मिळाला का?"

"मिळाला की!" सहाही जण म्हणाले. उरलेली दोन टेबलंही तेच म्हणाली. आणि विश्रामच्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. दोन मोदक खरंच कमी असते, तर दोन मराठी माणसं प्रसाद न मिळता गप्प बसली असती? एव्हाना मंडळाची निवडणूक पुन्हा घ्यायला लागली असती!

मग कमी काय झालं?

तेवढ्यात त्याला ढेकर आली. चांगली मोठी, वेलचीची, गुळाची, ओल्या नारळाची. विश्राम जागच्या जागी थिजला.

पुरावा त्याच्या पोटात होता.

५

"चित्रे!" तो किचनमध्ये घुसला. "तीन टेबलं, सहा-सहा माणसं. किती?"

"अठरा."

"टोकाचे दोन. एक वेंडीने खाल्ला, एक तुझ्या ग्रॅहमने. किती?"

"वीस. म्हणजे सगळे होते? मग भाग कसा..."

"आणि वाटून झाल्यावर हातात उरलेला एक मी हाणला! खिडकीच्या टेबलावर, मधल्या द्रोणातला!"

चित्राच्या हातातला कप तसाच राहिला. "एकवीस," ती पुटपुटली. "सहा-सात-सहा. दोन्हीकडून सारखं, आणि तीनने भाग जातो. भाऊजी, पण कोणीतरी मोदक *वाढवला*? का?"

"आपण सगळे गाढव! मी खुर्चीवर चढून विचारलं काय? कोणी काढला? कोणी घातला, हे कोणाला विचारलं? आणि आता तूच तुझ्या तोंडाने म्हणालीस तो आकडा पुन्हा म्हण. हळू म्हण. आणि आज दिवस कोणाचा आहे ते आठव."

"एक... वीस," चित्रा म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला. बाहेर मंजिरीने तो आवाज ऐकला, म्हणे.

एकवीस दूर्वा. एकवीस मोदक. दीड हजार मोदक वळलेल्या बायका हॉलमध्ये होत्या, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही, कारण सगळे द्रोणांत संख्या बघत होते. एकाच माणसाने त्यात मोदक बघितले होते. बोट फिरवत, ओठ हलवत, एकेका द्रोणापुढे. वेंडीला ती प्रार्थना वाटली. तो मोजत होता!

राजीव मूर्तीशेजारी बसून हळदकुंकवाच्या डब्या पिशवीत भरत होता.

"गुरुजी," विश्राम लाडात म्हणाला, "नैवेद्यात मोदक किती होते हो?"

"वीस!" राजीव एकदम तापला. "तीनदा मोजले, तीनदा वीस. एवढी शिकलेली माणसं, आणि बाप्पाला एक कमी! मी टेस्टर आहे, बग दिसला की सोडत नाही. पातेल्यातला एक आणून पुरे केले."

"मधल्या द्रोणात ठेवलास?"

"मग कुठे? बाजूला ठेवला असता तर तिरकं दिसलं असतं. देवापुढे तिरकं?"

"अरे मग मघाशी बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस, काढला कोणी. मी काढला नाही. मी ठेवला." राजीवने आजूबाजूला पाहिलं. चित्राचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "का? काय झालं?"

६

ग्रॅहम अजून हवेत होते. चित्राने मेसेज लिहिला: कोणी, का, कुठल्या द्रोणात, मधल्या सहाचा सात कसा झाला, बेरीज कशी वाढली. खाली राजीवने स्वतः लिहिलं की मोदक मीच ठेवला, मॅडमचं गणित बरोबर आहे. सोवळ्यातल्या गुरुजींचा, हातात मोदक धरलेला फोटोही गेला. मग सगळे चहा पीत बसले. चहा कोणालाच गोड लागत नव्हता.

राजीव वरमला होता, पण माघार घेणारा नव्हता. "चित्रा, सॉरी. पण पुढच्या वर्षी तू एकवीस मोदकांचा आकडा शोध. मूळ संख्याही होईल आणि शास्त्रही राहील."

"नाही होणार," चित्रा म्हणाली. "एकवीस मोदक कसेही मांड. एकतीस द्रोणांत मांड, हजारांत मांड. बेरीज एकवीसच. तीनने भाग जाणारच. एकवीस मोदकांची मूळ संख्या अख्ख्या विश्वात नाही."

"मग गणित बदल."

"गणित बदलत नाही, राजीव."

"मग बाप्पा बदलायचा का?"

झालं, पेटलं. मंजिरी एकाची बाजू घेते, हृषिकेश दुसऱ्याची, वेंडी मध्ये उभी राहून विचारतेय की हू इज विनिंग. तेवढ्यात चित्राच्या फोनवर टुंग झालं. विमान उतरलं होतं.

चित्राने मोठ्याने वाचलं. ग्रॅहमनी लिहिलं होतं: "मी एकवीसच मोजले होते. ती संख्या मला जुनी ओळखीची आहे, मध्ये सहा हवा हे ठाऊक होतं. मला वाटलं तू माझी परीक्षा घेतेयस, म्हणून दारात उत्तर देऊन निघालो. खरं कारण तर फारच झकास निघालं. विमान उतरायच्या आत पुराव्यासकट चूक शोधणारी माणसं मला समितीपुढे बघायला आवडतात. गुरुवारी ये. द्रोण आण. ता.क.: तुमच्या देवाला एकवीसच का लागतात? आणि मग विसांचं काय करणार?"

चित्रा एकदम खुर्चीत बसली. हसत होती की रडत होती, कळेना. हृषिकेशचा फोनही वाजला. त्यालाही गुरुवारी बोलावलं होतं. "मी द्रोण नाही आणणार," तो चष्मा पुसत म्हणाला.

"पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय देऊ?" चित्राने विचारलं. "वीसच हवेत आणि एकवीसही हवेत."

विश्राम मात्र केव्हाचा मूर्तीकडे टक लावून बघत होता. शाडूची, ठसठशीत मूर्ती. एका हातात पाश, एकात अंकुश, एक आशीर्वादाचा. आणि चौथा?

त्याच्या मिशीखाली हसू फुटलं. कूकाबराच्या वेळी फुटलं होतं ना, तस्सं.

"राजीव," तो म्हणाला, "इकडे ये. बाप्पाच्या डाव्या हातात काय आहे?"

"मोदक."

"बरं. द्रोणांत वीस होते. आता मोज."

राजीवने मोजलं. ओठ हलले. बोट हवेत फिरलं आणि मूर्तीच्या हाताशी येऊन थांबलं.

"एकवीस," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "आधीच होते."

"लिही, चित्रे. म्हणावं, वीस आम्ही मांडतो, एक तो स्वतः घेऊन येतो."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वेंडीला काही कळलं नव्हतं, तिने सगळ्यात जोरात वाजवल्या. राजीव मात्र तिथेच कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. टेस्टर माणूस, हिशेब लागल्याशिवाय झोप येत नाही.

"म्हणजे विश्राम," तो म्हणाला, "मी घातलेला धरून बावीस झाले होते. मोठाच बग की! मग तो जास्तीचा एक?"

"तो?" विश्रामने पोटावरून हात फिरवला. "तो मी तेव्हाच फिक्स केला."